मृगातले डबे

पहाटे ५.१०

दूधवाल्याने पिशव्या कडीला अडकवल्या की कामाला लागायचं. कर्वेनगरात माझी घरगुती खानावळ आहे. बसून जेवायची सोय नाही, फक्त डबे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डबा घेणारी निम्मी पोरं गावाला गेलेली असतात, त्यामुळे काम निम्मं, आणि नेमका मृग लागलेला. रोपांसाठी वर्षात याहून सोयीचा पंधरवडा नाही.

दुधाच्या पिशव्या मी दोन तऱ्हांनी कापते. ज्या भंगारात जायच्या त्यांचा कोपरा अर्धवट कापायचा, तुकडा पिशवीलाच लटकता राहिला पाहिजे. नखाएवढा सुटा तुकडा एकदा कचऱ्यात गेला की कुठल्याही भंगारवाल्याच्या हाती लागत नाही. ज्या पिशव्या वेलांसाठी ठेवायच्या त्यांची वरची कड सरळ आडवी कापायची. मग थोडं पाणी घालून हलवायचं, ते पाणी कणकेत. त्यानंतर पिशवी उलटी करून साबणाचा हात. हा हात चुकवला तर सायीचा पातळ थर राहतो, तो आंबतो, आणि दोन दिवसांत मुंग्यांची रांग लागते. मुंग्या नुसती साय खाऊन परत जात नाहीत, टोमॅटो-मिरचीचं बीही उचलून नेतात. ‘बी खराब निघालं’ म्हणून दुकानदाराच्या नावाने खडे फोडणाऱ्या निम्म्या लोकांचं बी मुंग्यांनीच नेलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिशवीचे खालचे दोन कोपरे जरासे छाटले की पाण्याची वाट झाली. अर्ध्या लिटरची पिशवी काकडी, दोडका, दुधी आणि लाल भोपळ्यासाठी. या वेलांच्या मुळांना हात लावलेला चालत नाही. कपातून उपटून लावले तर आठवडाभर रुसून बसतात, कधी जातातच. पिशवी मात्र ब्लेडने उभी चिरता येते आणि आतला मातीचा गड्डा अख्खाच्या अख्खा कुंडीत सरकवता येतो. नर्सरीत काळ्या पिशव्या विकत आणून हेच करतात.

सकाळी ६.००

ओट्याच्या टोकाला पूर्वेची खिडकी आहे. तिच्या आतल्या अंगाला दोन फळ्या ठोकून घेतल्यात. तिथल्या मसाल्याच्या बरण्यांची बदली कपाटात झाली. आता फळ्यांवर दह्याचे कप, श्रीखंडाचे डबे, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे आणि हिवाळ्यात जमवलेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या पारदर्शक डब्या. या स्ट्रॉबेरीच्या डब्यांना तोड नाही. बुडाला भोकं, झाकणाला भोकं, झाकण डबीलाच जोडलेलं, आणि आत काय चाललंय ते न उघडता दिसतं. स्ट्रॉबेरी बाजारात असते तेव्हाच त्या धुऊन, एकीत एक घालून माळ्यावर टाकायच्या. जूनमध्ये शोधायला निघालात तर मिळणार नाहीत.

घरात रोपं कशाला, असं विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. बर्फाच्या मुलखात लोक टोमॅटोची रोपं खिडकीत वाढवतात ती थंडीच्या भीतीने. पुण्यात कारण उलटं आहे. मेमध्ये माझी पश्चिमेची गॅलरी अशी तापते की मूठभर माती असलेला कप दुपारभरात कोरडाठाक पडतो आणि फुटू घातलेला कोंब आतल्या आत भाजतो. मग मृगाची पहिली सर येते. तिचे टपोरे थेंब वरवर पेरलेलं बी उकरून बाहेर काढतात. उरलंसुरलं कबुतरं बघतात. मिरचीला उगवायला पंचवीस ते तीस अंशांची ऊब पुरते, आणि जूनमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीत ती फुकट मिळते.

आज मिरचीचा डबा बघण्यासारखा आहे. झाकणाला आतून दव धरलंय, उचललं की थेंब एका कडेला ओघळतात. मातीवर पांढरट आकडे आलेत, मान खाली घातलेले. दोनतीन सरळ झालेत, पण त्यांच्या बीजदलांच्या टोकांवर बियांचं टरफल अडकून बसलंय, लहान मुलाच्या डोक्यावरच्या टोपड्यासारखं. ते ओढायचं नाही. ओढलं तर दलंच तुटून हातात येतात आणि मागे नुसता देठ उरतो. बोटाने पाण्याचा थेंब लावून ठेवायचा, टरफल मऊ होतं आणि आपणहून सुटतं. पहिला आकडा दिसला की झाकण कायमचं काढायचं, मागे राहिलेल्यांची वाट बघत बसायचं नाही. मिरचीचं बी आठ दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही उगवतं. सगळं उगवेपर्यंत झाकण ठेवलं तर आधी उगवलेलं जातं.

पाणी याच वेळी, आणि खालून. जुन्या परातीत बोटभर पाणी घालून सगळे कप त्यात बसवते. माती वरपर्यंत भिजली की तिचा रंग गडद होतो, तेव्हा कप उचलायचे. परातीतलं उरलेलं पाणी तुळशीला. वरून तांब्याने पाणी घातलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं आणि रोपं तिथेच गर्दी करून उगवतात.

६.३० ते १०.४५

या वेळात रोपांचं नावही काढायचं नाही. आज मटकीची उसळ, कोबी, आमटी-भात, पोळ्या. पोळ्यांच्या मावशी सातला येतात, साडेनऊला डबे भरायला घेतो, पावणेअकराला पोचवणारा मुलगा शेवटची फेरी नेतो. डबे स्टीलचे. ओट्यावर मागे जे उरतं ते माझ्या कामाचं: दह्याचे कप, पनीरची डबी, एखादा तेलाचा कॅन, बुधवार असेल तर अंड्यांचा ट्रे.

मावशींना माझं हे वेड पटलेलं नाही, पण करवंट्या त्याच घेऊन येतात. “ताई, ही डोळ्यांच्या बाजूची वाटी ठेवलीय वेगळी,” म्हणाल्या आज. नारळाच्या दोन वाट्यांपैकी एकीलाच डोळे असतात आणि त्या तीनपैकी एक डोळा मऊ असतो. त्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक खुपसलं की भोक तयार. दुसऱ्या वाटीला ड्रिलशिवाय भोक पडत नाही, ती बंबात. करवंटी कलंडते एवढाच तिचा दोष. श्रीखंडाच्या झाकणावर बसवली की तोही जातो.

अंड्यांच्या ट्रेबद्दल मात्र बोललंच पाहिजे. फोटोत त्याच्याइतकं देखणं काही नाही: तीस खळगे, तीस हिरवे ठिपके. प्रत्यक्षात एका खळग्यात चमचा-दोन चमचे माती मावते, आणि पुठ्ठ्याचा लगदा त्या मातीतलं पाणी शोषून घेतो. सकाळी भिजवलेला ट्रे दुपारी कोरडा. जास्त भिजवला की लगद्यावर बुरशी चढते आणि ट्रे उचलताना मधोमध फाटतो. झेंडू चार-सहा दिवसांत उगवतो, त्याला तिथे आठवडाभर ठेवून हलवायचं असेल तर ठीक. मिरची-वांग्याला महिनाभर घर लागतं. त्यांना अंड्याच्या ट्रेत लावणं म्हणजे दुहेरी काम. अंड्याच्या कवचात रोप लावण्याची टूम तर मी विचारातही घेत नाही. कवचातला चुना मातीत मिसळायला किती तरी महिने लागतात, रोपाला तोवर त्याचा काही उपयोग नाही आणि मुळांना जागा मात्र कमी.

११.१५

चहा, आणि दाभण. खरं तर सगळा कारभार दाभणाने बुडाला पाडलेल्या भोकांवर अवलंबून आहे. डबा महाग की स्वस्त, सुंदर की कुरूप, याने रोपाला फरक पडत नाही. साठलेलं पाणी बाहेर पडलं नाही तर मुळं गुदमरतात, एवढंच त्याला कळतं.

दह्याचा कप हातात घेऊन उलटा करून पाहा. बूड सपाट नसतं. मधला भाग वर उचललेला असतो आणि कडेने एक खोलगट चर फिरते. बहुतेक लोक मधोमध भोक पाडतात. मग पाणी त्या चरीत साठून राहतं आणि मधलं भोक कोरडं. भोकं चरीतच पाडायची, चार बाजूंना चार. कप लाकडी पाटावर पालथा घालायचा, दाभणाचं टोक टेकवायचं आणि दाबण्याऐवजी गोल फिरवायचं. दाबलं की ठिसूळ कप तडकतो.

गॅसवर सुई तापवून भोकं पाडायचा सोपा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. मी तो करत नाही. जळक्या प्लास्टिकचा धूर स्वयंपाकघरात नको, आणि मला त्याच हवेत संध्याकाळी पुन्हा पोळ्या करायच्या असतात. बुडावरच्या त्रिकोणातला आकडा बघायची सवय लावून घेतली की बरं. पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हा वाकतो पण सहसा मोडत नाही. पार्सलचे काळे डबे आणि पुष्कळसे दह्याचे कप यातले. सहा म्हणजे पॉलिस्टायरीन, हा काचेसारखा तडकतो आणि उन्हात त्याचे बारीक तुकडे होतात. सहाचे कप घरात सावलीला, एकाच हंगामापुरते. एक म्हणजे पाण्याची बाटली आणि स्ट्रॉबेरीची डबी. यांना उकळतं पाणी लावलं की अंग आक्रसून वेडंवाकडं होतं, म्हणून साध्या पाण्याने धुवायच्या.

गेल्या वर्षीचे कप पुन्हा वापरायचे तर नुसता साबण पुरत नाही. घरात कपड्यांसाठी असतं ते ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, दहा मिनिटं बुडवून ठेवायचे आणि स्वच्छ पाण्याने खळबळून वाळवायचे. जुन्या मातीतली बुरशी कपाच्या भिंतीला चिकटून वर्षभर तग धरते.

दुपारी १२.३०

माती कालवणं. पुण्याची काळी माती कुंडीत चालते, कपात चालत नाही. वाळली की तिची वीट होते, कडेने सुटते आणि पाणी घातलं की फटीतून सरळ खाली निघून जातं. म्हणून दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, संपलं.

पैसे खर्च होतात ते इथे, म्हणून हिशेब करून टाकते. कोकोपीटची पाच किलोची वीट स्वस्त पडते असं दुकानदार सांगतो आणि ते खरंही आहे. पण ती फुगून सुमारे सत्तर लिटर होते. दह्याच्या लहान कपात दोनशे मिलिलिटर मिश्रण लागतं. सत्तर लिटर कोकोपीटमध्ये गांडूळखत मिसळलं तर पाचशेहून जास्त कप भरतील. पाचशे रोपं ठेवणार कुठे? साडेसहाशे ग्रॅमची वीट आठेक लिटर होते, त्यात चार लिटर गांडूळखत घातलं की साठ कप भरतात. घरातल्या दोन फळ्यांना एवढं पुष्कळ झालं. मोठी वीट चार घरांनी मिळून घ्यावी. वीट भिजवल्यावर पहिलं पाणी गाळून टाकायचं, नारळाच्या काथ्यात क्षार असतो.

चहाचा चोथा थेट कपात घालू नका, मी कितीही चहा पीत असले तरी. आमच्या चोथ्यात दूध आणि साखर असते. मुंग्या आणि बुरशी, दोघींनाही आमंत्रण. तो धुऊन खतपेटीत जातो, तिथे भाज्यांची देठं-सालं आहेतच. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार या चळवळीतून घरच्या घरी पालापाचोळ्यातून सकस माती करायला माणसांना शिकवलं. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहात प्रीती पाटील यांनी त्याच वाटेने गच्चीवर, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर, भाज्या आणि फळझाडं उभी केली. मी स्वतः रोज पातेलंभर सालं काढते, त्यामुळे मला गच्च्यांवरच्या कुठल्याही दिखाऊ बागेपेक्षा ते उपाहारगृह जवळचं वाटतं. ज्या घरात स्वयंपाक होतो त्या घरात माती तयार होऊ शकते. विकत घ्यायचं ते कोकोपीट तेवढं, आणि तेही कपापुरतं.

दुपारी २.००

जेवण झालं, माझा मुलगा क्लासला गेला. आता पेरणी.

बियांच्या बाबतीत फुकटाचा मोह आवरावा लागतो. भाजी चिरताना निघालेलं बी लावायचं म्हणून काकडी, दुधी, दोडका आणि वांग्याचं बी वाळवून ठेवणारे मला माहीत आहेत. ते उगवणार नाही. या सगळ्या भाज्या आपण कोवळ्या खातो, त्यांचं बी तयारच झालेलं नसतं. बियांसाठी दुधी वेलीवर कडक होईपर्यंत, वांगं पिवळं पडेपर्यंत राहू द्यावं लागतं. स्वयंपाकघरातून चालतं ते पिकलेल्या फळाचं बी: टोमॅटो, लाल भोपळा, लाल झालेली मिरची. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस ठेवायचं, वर फेस येतो, भोवतालचं बुळबुळीत आवरण सुटतं, मग धुऊन ताटलीत वाळवायचं. मात्र बाजारातले टोमॅटो बहुतेक संकरित. झाड येतं, फळ कुठल्या आजोबांवर जाईल ते सांगता येत नाही.

नेमकं हवं असेल तर पुडी घ्यावी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणांवर माझा विश्वास आहे: टोमॅटोत भाग्यश्री, काकडीत हिमांगी, दुधीत सम्राट. वांग्यात आपल्या इथलाच मांजरी गोटा. असे सरळ वाण लावले की पुढच्या वर्षीचं बी घरचंच. वेलांमध्ये आणि वांग्यात शेजारच्या दुसऱ्या वाणाचे पराग येतात तेवढं सांभाळायचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं जपली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाची बातमी वाचणारे आपण, घरी मात्र पुडीतलं उरलेलं बी ओट्याच्या कोपऱ्यात सादळू देतो. उरलेलं बी कागदाच्या पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटली फ्रीजमध्ये. पुडीत बी भरपूर असतं. आमच्या इमारतीत चौघी मिळून पुड्या घेतो आणि वाटून टाकतो.

आज झेंडू पेरते, दसरा-दिवाळीला फूल हवं. शिवाय दुधाच्या पिशव्यांत हिमांगी, एकेका पिशवीत दोन बिया. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून खाली नाही. काकडीची चपटी बी आडवी किंवा कडेवर उभी, कशीही चालते. मिरचीच्या बियांवर चिमटीने मिश्रण भुरभुरवलं की पुरे. पिशवीतल्या दोन्ही बिया उगवल्या तर दुबळं रोप उपटायचं नाही, कात्रीने कापायचं, म्हणजे शेजाऱ्याची मुळं हलत नाहीत.

पाट्या दह्याच्या झाकणांच्या पट्ट्या कापून करते. त्यांवर शिसपेन्सिलीने लिहायचं. पेनाची शाई उन्हात पंधरा दिवसांत उडते, मार्करचीही उडते, शिसपेन्सिल पावसातही टिकते. वाणाचं नाव आणि तारीख, दोन्ही. तारीख नसेल तर ‘अजून का उगवत नाही’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

४.००

ऊन पश्चिमेला गेलं की पूर्वेची खिडकी मंद होते आणि रोपं काचेकडे झुकतात. जूनमध्ये वर ढगही असतात, त्यामुळे खिडकीतून आत येणारं ऊन आणखी कमी. उजेड कमी पडला की रोप उंच, फिकट आणि काटकुळं होतं. घरच्यांना वाटतं, वा, काय वाढतंय! ते वाढणं नसतं, उजेड शोधणं असतं. अशा रोपाला खत घातलं तर ते आणखी लांबतं.

दुधाचे, ताकाचे पुठ्ठ्याचे चौकोनी खोके आतून चंदेरी असतात. ते उभे चिरून, धुऊन, खोलीच्या बाजूने कपांच्या मागे उभे करते. खिडकीतून आलेला उजेड परत रोपांवर पडतो आणि झुकणं बरंच कमी होतं. कप दिवसातून एकदा अर्धे फिरवायचे. पहिली खरी पानं आली की रोपं चारच्या सुमाराला गॅलरीत, आधी तासभर, मग रोज थोडा वेळ वाढवत. त्यांना काटक करायचं. वारा लागला की देठ जाड होतो, हे खिडकीत कितीही लाड केले तरी होत नाही.

गॅलरीतच होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

“काय गं, प्लास्टिकबंदी आली तेव्हा तूच सगळ्यांना स्टीलचे डबे सक्तीचे केलेस ना? आणि आता घरात हे दुकान मांडलंयस.”

“काकू, मी आणत नाही. घरात आलेलं वापरते.”

“तेच सगळे म्हणतात.”

काकूंचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. २३ मार्च २०१८ ला राज्यात बंदीची अधिसूचना निघाली, त्यानंतर काही दिवस सगळेच सावध होते, आता पार्सलचे डबे पुन्हा घरोघर साठतात. डबा रोपाला वापरला म्हणजे तो नाहीसा झाला असं नाही, त्याची कचऱ्यात जायची तारीख पुढे गेली. डब्यासाठी म्हणून आईस्क्रीम आणणारी माणसंही मी पाहिली आहेत, त्यांना बागकामाचं निमित्त पुरतं. आणि शेकड्याने रोपं करायची असतील तर नर्सरीतला अठ्ठ्याण्णव खळग्यांचा प्रो-ट्रे घ्यावा हेच शहाणपणाचं. तो जागा कमी खातो, नीट वापरला तर काही हंगाम टिकतो, आणि एवढी भोकं पाडत बसावं लागत नाही. कप-डब्यांचा फायदा वीस-तीस रोपांच्या घराला.

“मग मला काय देतेस ते सांग.”

“वांगी दोन आठवड्यांनी घेऊन जा. मिरचीला अजून महिना आहे.”

“टोमॅटो?”

“टोमॅटो आज रात्री मोठ्या कपात जातील. आठवड्याने या. तुमच्याकडचे रिकामे कप घेऊन या पण, धुतलेले.”

संध्याकाळी ६.१५

डब्यांची दुसरी पाळी सुरू. पिठलं, भाकरी, ठेचा. पावसाळी हवेत हे सगळ्यांना हवं असतं. सातच्या सुमाराला सर आली, मावशींनी भाकरी तव्यावर सोडून गॅलरीतले कप आत घेतले. वेडाला नावं ठेवणारंच माणूस आधी धावतं.

आत घेतलेल्या कपांमध्ये एका श्रीखंडाच्या डब्यातली तीन वांगी आडवी झालेली. पावसाने मोडलेली वाटली, पण जवळून पाहिलं तर देठ मातीच्या पातळीला दोऱ्याएवढा बारीक झालेला, पाणचट, तपकिरी. वरची पानं अजून हिरवीगार. हे रोप कोलमडण्याचं दुखणं, पिथियमसारख्या बुरशीने होणारं. सकाळी झाकणाबद्दल बोलले ते याच्यासाठी. दमट माती, कोंडलेली हवा आणि दाट पेरणी या तिघी जमल्या की बुरशी मातीच्या तोंडाशी देठ खाते. आडवं झालेलं रोप उभं होत नाही, कोणी काहीही फवारायला सांगो. त्या डब्यातली मातीसकट सगळी रोपं पिशवीत बांधून बाहेर, डबा ब्लीचच्या पाण्यात. उभी दिसणारी दोन ठेवावीशी वाटतात, ठेवायची नाहीत.

आधी करायचं ते असं: पेरताना मिश्रणात चिमूटभर ट्रायकोडर्मा (अशा बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), पाणी खालून आणि सकाळीच, आणि रोपांवरून टेबलफॅनचा हलका वारा. दोन बियांमध्ये बोटाचं अंतर. पुडीत बी उरतंय म्हणून एका डब्यात चिमूट-चिमूट सोडणं हे या दुखण्याचं निम्मं कारण.

रात्री ८.४५

ओटा आवरला. आता टोमॅटो. तीन आठवड्यांची रोपं, खऱ्या पानांच्या दोन जोड्या आलेल्या, एका काळ्या डब्यात दाटीवाटीने. यांना एकेकटं मोठ्या कपात हलवायचं. हे काम रात्रीच. मुळं दुखावलेली असतात, रात्रभर पान सुकत नाही.

चमच्याच्या दांड्याने खालून माती उचलायची. रोप पानाला धरायचं, देठाला कधीच नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चिमटला गेला तर सगळं संपलं. चारशे ग्रॅमचा दह्याचा कप तळाशी दोन बोटं भरून रोप त्यात पार खोल बसवायचं, बीजदलांच्या खालपर्यंत माती. टोमॅटोच्या पुरलेल्या देठाला नवी मुळं फुटतात, त्यामुळे खिडकीत थोडं लांबलेलं रोपही सुधारतं. मिरची आणि वांग्यावर हा प्रयोग करू नये, ती होती त्याच खोलीवर बरी. दोन आठवडे या कपात, मग गॅलरीतल्या तेलाच्या पंधरा किलोच्या पत्र्याच्या डब्यात. खानावळीत तेल किती लागतं त्यावर माझी टोमॅटोची लागवड ठरते, दुसरं गणित नाही.

मुलाने एक कप पाडला. रोप उचलून परत लावलं, जगेल.

१०.१५

उद्याची यादी: मूग भिजत घातले, कोथिंबीर आणायची, दही दोन किलो. भंगाराच्या पोत्यात फुटके कप आणि सहा नंबरचे सगळे. फळीवर जागा उरली नाही म्हणून आईस्क्रीमचे डबेही दिले. साठवायला लागलं की घराचं गोदाम होतं, आणि रिकाम्या डब्यांत झुरळं मजेत राहतात.

फोनवर डबा घेणाऱ्या एका मुलीचा निरोप आलाय. हॉस्टेलच्या खोलीत राहते. “काकू, उद्याच्या डब्याबरोबर मिरचीचं एक रोप पाठवाल का? खिडकी आहे माझ्याकडे, पण उत्तरेची.”

उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये थोडंफार ऊन येतं, पुढे काही नाही. मिरची फुलावर यायच्या आत खंगेल. तिला लिहिलं, मिरची नको, पुदिना देते. त्याच्या काड्या उद्याच्या जुडीतूनच काढून पाण्यात ठेवीन, आठवड्याने मुळं फुटली की कपात लावून पाठवते. कप तुझ्याकडचाच लागेल, रविवारच्या दह्याचा ठेवला असशील तर धुऊन पाठव.